'मालकांची सही लागेल': गर्भपात, कायदा आणि तालुक्याचा दवाखाना

रानजाई (धागाकर्ती)

लिहू की नको असं आठवडाभर चाललं होतं. शेवटी तिलाच विचारलं, ती म्हणाली, लिहा, नाव तेवढं घालू नका.

आमच्याकडे पोळ्या करायला येते तिला इथे शालन म्हणते. वय एकतीस, मुलं दोन, धाकटा यंदा पहिलीला. नवरा ट्रकवर, मोरबीच्या फरशा वाहतो, महिन्यातून चार दिवस घरी. तांबी बसवलेली होती, ती कधी सरकून पडली ते कळलंच नाही. पाळी चुकल्यावर आठव्या दिवशी घरीच पट्टी लावून बघितली. परातीत पीठ मळता मळता, मान वर न करता मला म्हणाली, "ताई, राहिलंय. मला नकोय."

मला वाटलं, १९७१ पासून कायदा आहे, त्यात काय अवघड! मीच तिला स्कूटरवर घेऊन निघाले.

ग्रामीण रुग्णालयात बायकांच्या डॉक्टर फक्त मंगळवारी. त्या मंगळवारी त्या नसबंदीच्या शिबिराला गेल्या होत्या. पुढच्या मंगळवारी भेटल्या. बाई चांगल्या, नीट तपासलं, पण गोळ्या संपलेल्या. चिठ्ठी दिली, "बाहेरून आणा आणि इथे माझ्यासमोर घ्या." बाहेर तीन मेडिकल फिरलो. तिघांचं एकच, "आम्ही ठेवत नाही." तिसऱ्याने चिठ्ठी परत देताना आजूबाजूला असं बघितलं की जणू मी गांजा मागितला. मग खासगी प्रसूतिगृह. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "होईल ना. मालकांची सही लागेल."

मालक मोरबीत. यायला अठरा दिवस. ते आले, बिचाऱ्यांनी एका मिनिटात सही केली, त्यांचा विरोध कधी नव्हताच. सोनोग्राफीत नऊ आठवडे पाच दिवस निघाले. गोळ्यांची हद्द नऊ आठवड्यांची. मग भूल देऊन पिशवी साफ केली, एक दिवस भरती, चौदा हजार. त्यातले आठ तिने बचत गटातून उचलले आणि अजून फेडतेय.

मला दोन गोष्टी हव्यात. ही सही कायद्यात कुठे लिहिली आहे? आणि हे पाच दिवस नेमके कोणी खाल्ले?

काळा_कोट

कुठेच लिहिलेली नाही. वैद्यकीय गर्भपात कायद्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. 'फॉर्म सी' म्हणून एक कागद असतो, त्यावर तिची सही. पालकाची सही फक्त ती अठराच्या आतली असेल किंवा मानसिक आजारी असेल तर. नवऱ्यासाठी त्या फॉर्मवर रकानासुद्धा नाही.

शालनसारखी साधनं फसल्याची केस कायद्याने धरलेलीच आहे. आधी त्यात 'विवाहित स्त्री किंवा तिचा पती' असे शब्द होते. २०२१ च्या दुरुस्तीने ते 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे केले. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. वीस ते चोवीसला दोन डॉक्टर लागतात, तेही ठराविक गटातल्या बायकांसाठी. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर वैद्यकीय मंडळ. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित बाईलाही चोवीसच्या गटात घेतलं.

आता कडू भाग. गर्भपात घडवून आणणं आजही मुळात गुन्हाच आहे. पूर्वी भादंवि ३१२, आता भारतीय न्याय संहितेचं कलम ८८, आणि त्यात बाई स्वतःसुद्धा आरोपी होऊ शकते. १९७१ चा कायदा हा त्याला केलेला अपवाद. त्याने बाईच्या हातात हक्क दिला नाही, डॉक्टरच्या डोक्यावर छत्री धरली. त्यामुळे छत्री उघडायची की नाही ते डॉक्टर ठरवतो.

टाकेवाली

तालुक्याच्या गावी बावीस वर्षं स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून काम करतेय. कबुली देऊन टाकते: मीही नवऱ्याची सही घेत असे.

काळ्या कोटांनी सांगितलेला कायदा मला तोंडपाठ आहे. पण २०१४ ला एका बाईचं तिच्या एकटीच्या सहीवर केलं आणि चौथ्या दिवशी नवरा सात-आठ माणसं घेऊन आला, "आमचं मूल पाडलं." दर्शनी काच फुटली, कंपाउंडरला टाके पडले. पोलिसांनी पहिला प्रश्न मला विचारला, "मॅडम, मालकांची सही का नाही घेतली?" पोलिसालाच कायदा माहीत नाही! त्यानंतर सहा वर्षं मी सही मागत राहिले. २०२० ला सोडलं, कारण एका मुलीला तिचा नवरा बारा आठवडे झाल्यावर घेऊन आला आणि त्याने तो वेळ मुद्दाम घालवला होता हे मला तिच्या दंडावर दिसलं.

रानजाई, तुमच्या पाच दिवसांबद्दल. सात आठवड्यांना शालनला लागणार होत्या पाच गोळ्या. एक मिफेप्रिस्टोनची, दीड-दोन दिवसांनी चार मिसोप्रोस्टॉलच्या. भूल नाही, भरती नाही. तिच्या वाट्याला आलं क्युरेटिंग. मला त्यातलं खटकतं ते वेगळंच: साडेनऊ आठवड्यांनाही क्युरेट लागत नाही. लोखंडी चमच्यासारखं ते हत्यार, त्याने पिशवीचं अस्तर खरवडायचं. पिशवीला भोक पडायची भीती, पुढे अस्तर चिकटायची भीती. जागतिक आरोग्य संघटना कधीपासून सांगतेय की हे बंद करा, ओढून घ्या. हाताने चालवायचा साठ मिलिलिटरचा प्लॅस्टिकचा पंप येतो, एमव्हीए म्हणतात. वीज लागत नाही, भूलतज्ज्ञ लागत नाही, गर्भाशयाच्या तोंडाशी सुई देऊन दहा-पंधरा मिनिटांत काम होतं. माझ्या पिढीने शिकताना हातात क्युरेट घेतलं, ते सुटत नाही. आणि स्पष्टच लिहिते, भूल आणि भरती धरली की बिलही चांगलं होतं.

कट्टर_बाप

बाकी सगळं ठीक, पण एक बाजू कोणी मांडतच नाही. मला दोन मुली आहेत म्हणून बोलतो. याच महाराष्ट्रात मुलींचं प्रमाण २००१ ला हजारी ९१३ होतं, २०११ ला ८९४ वर आलं. २०१२ ला परळीत लिंग बघून गर्भपात करणारा दवाखाना सापडला, २०१७ ला म्हैसाळला ओढ्याकाठी पुरलेले एकोणीस गर्भ सापडले, विसरलात? तिथेही एक बाईच मेली होती. तेव्हा या गोळ्यांवरून औषध प्रशासनाने मेडिकलवाल्यांना दरडावलं तर बिघडलं कुठे? गोळ्या चणेफुटाण्यासारख्या मिळायला लागल्या तर आणखी काय होईल?

हिशेबी_माणूस

माझं मेडिकल आहे, मी सांगतो काय बिघडलं.

परळीनंतर औषध प्रशासनाने राज्यभर या गोळ्यांच्या किटच्या मागे लागायला सुरुवात केली. किती आणले, कोणाला विकले, चिठ्ठी कुठे, डॉक्टरचा शिक्का कुठे. कागद ठेवायला माझी ना नाही, शेड्यूल एचचं औषध आहे, चिठ्ठीशिवाय द्यायचंच नाही. पण झोपेच्या गोळीचा हिशेब मागणारा माणूस आवाज चढवत नाही. या किटचा मागताना मी जणू पोरगी मारलीय अशा थाटात बोलतो. महिन्याला दोन किट जायचे. त्यातून सुटणार किती, आणि त्यासाठी लायसन्स टांगणीला लावायचं? घाऊकवाल्याला सांगितलं, पाठवू नको. आमच्या पेठेत सगळ्यांनी हेच केलं. कुठल्याही जीआरमध्ये बंदी लिहिलेली नाही, तरी बंदी आहे.

रानजाईताई, तो आजूबाजूला बघणारा मीच असू शकतो.

टाकेवाली

कट्टर बाप, म्हैसाळ कोणीच विसरलेलं नाही. पण तिथला माणूस होमिओपॅथ होता, त्याला कायद्याने हात लावायचाही अधिकार नव्हता. आणि तो जे करत होता ते सोनोग्राफीत लिंग बघून करत होता. सोनोग्राफीत मुलगा-मुलगी खात्रीने ओळखायला तेरा-चौदा आठवडे जावे लागतात. गोळ्यांची हद्द नवव्या आठवड्याला संपते. म्हणजे ज्या आठवड्यात या गोळ्या चालतात त्या आठवड्यात पोटात मुलगी आहे हे मशीनलासुद्धा कळत नाही. चोर मागच्या दाराने जातोय आणि आपण पुढच्या दाराला कुलुपावर कुलूप लावतोय.

लिंगनिदानाविरुद्ध पहिला कायदा देशात महाराष्ट्रानेच केला, १९८८ ला. केंद्राचा १९९४ चा, नंतरचा. तो कायदा मशीनवर आहे आणि तिथेच राहू द्या. मला त्याचे सगळे फॉर्म भरताना वैताग येतो, तरी राहू द्या.

नसती_उठाठेव

किंचित दुरुस्ती. रक्ताच्या एनआयपीटी चाचणीत दहाव्या आठवड्याला लिंग कळू शकतं. अर्थात भारतात ते सांगणं गुन्हा आहे. आणि दहावा म्हणजे नवव्याच्या पुढेच, त्यामुळे डॉक्टरांचा मुद्दा टिकतो. नाव सार्थ केलं, जातो.

कट्टर_बाप

आठवड्यांचा हिशेब मला खरंच माहीत नव्हता. पण डॉक्टर, तुम्ही मान्य कराल की चोरून गोळ्या घेऊन बायका रक्तस्रावाने येतात. माझ्या चुलतबहिणीला रात्री दीड वाजता जिल्ह्याला न्यावं लागलं होतं.

टाकेवाली

येतात. म्हणूनच तर डॉक्टर हवा म्हणते. कोणाच्या नळीत गर्भ राहिलेला असतो, तिथे या गोळ्या काही करत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर येतं. कोणी चौदाव्या आठवड्याला घेते. पण सोबत कोणी एवढं जरी सांगितलं की तासाला दोन मोठे पॅड, असे सलग दोन तास भिजले तर थांबू नको, दवाखाना गाठ, तर निम्मी धावपळ वाचते. तुमच्या बहिणीला गोळ्या देणाऱ्याने हे सांगितलं होतं का?

कट्टर_बाप

एका कागदात गुंडाळून दिल्या होत्या. वर्तमानपत्राच्या.

हिशेबी_माणूस

आकडे हा आपला प्रांत. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये २०१५ सालचा अंदाज आला होता: देशात वर्षाला १ कोटी ५६ लाख गर्भपात. त्यातले ७३ टक्के दवाखान्याबाहेर, गोळ्यांनी. दवाखान्यात झाले ते २२ टक्के. उरलेले ५ टक्के जडीबुटी, काड्या, अघोरी प्रकार. म्हणजे चारातल्या जवळजवळ तीन बायकांनी परवानगी न मागता आपला निकाल लावून टाकलाय. आपण इथे ज्यावर वाद घालतोय ते त्यांनी कधीच ओलांडलं. प्रश्न एवढाच उरतो की गोळी खरी आहे का आणि कागद वर्तमानपत्राचा आहे की सूचनांचा.

सुईण_आजीची_नात

मी गटप्रवर्तक आहे, माझ्याखाली बावीस आशा. इथे सगळे 'गर्भपात' म्हणताहेत, वस्तीवर हा शब्द कोणी उच्चारत नाही. "राहिलंय", "मोकळी व्हायचंय", "पाळी आणायची गोळी हाय का". आमच्या ट्रेनिंगमध्ये तांबी, माला-डीच्या गोळ्या, नसबंदी यांवर तक्ते भरून शिकवतात. याच्यावर बोलायचं तर आशा दबकतात, कारण त्यांना भिंतीवरचं 'गर्भपात गुन्हा आहे' हे आठवतं. मूळ वाक्य लिंग निवडून केलेल्या गर्भपाताबद्दलचं असतं, पण रंगवणाऱ्याने भिंत अपुरी पडली म्हणून पहिले दोन शब्द गाळले! आमच्या उपकेंद्राच्या शेजारच्या भिंतीवर आत्ताही आहे. मीच पेंटर शोधतेय.

आणि एक सांगते. पिशवीचं दुखणं वाढत वाढत कुठे जातं ते ऊसतोडीच्या बायकांना विचारा. बीडमध्ये २०१९ ला सरकारी समितीसाठी पाहणी झाली, ८२,३०९ बायकांमध्ये १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. कितीतरी जणी चाळिशीच्या आतल्या. अंगावरून जातंय म्हणून गेल्या, "कॅन्सर होईल" म्हणून घाबरवलं, उचल घेऊन काढून टाकली. खाडा झाला की मुकादम दंड कापतो, म्हणून पाळीच नको. वेळेवर कोणी धड तपासलं असतं तर त्यातल्या बऱ्याच जणी आज पिशवीसकट चालत्या-फिरत्या असत्या. सोयच नसली की बाई शेवटचा, सगळ्यांत मोठा उपाय घेते. शालनताईंचं छोट्या प्रमाणात तेच झालं.

टग्या_रिटर्न्स

सगळ्याला एकच औषध. सरकारी दवाखाने बंद करा, प्रत्येकाला विमा कार्ड द्या, बाई जाईल पाहिजे त्या हॉस्पिटलात. महात्मा फुले योजना आता पाच लाखांची आहे. नुसती रडारड.

काळा_कोट

पाच लाखांचं कार्ड घेऊन शालन त्याच काउंटरवर गेली असती आणि त्याच मुलीने तेच वाक्य ऐकवलं असतं. विम्याने बिल भरतं, मंगळवार वाढत नाहीत.

टग्या_रिटर्न्स

बरं. मग खासगीवर लगाम कोण घालणार? केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने घेतलाच नाही. आमचा नर्सिंग होमचा कायदा १९४९ चा, त्यावर ठिगळं.

काळा_कोट

अरे वा, टग्याने मुद्द्याचं लिहिलं. त्यातलं एक ठिगळ चांगलं आहे. २०२१ ला त्या कायद्याचे नियम बदलले आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. आपापल्या गावातल्या प्रसूतिगृहात जाऊन बघा, लागलंय का. मी चार ठिकाणी बघितलं. एका ठिकाणी होतं, कॅलेंडरच्या मागे.

टाकेवाली

माझ्याकडे आहे. कॅलेंडर शेजारी आहे.

लगामापेक्षा मला मंगळवार वाढलेले हवेत. ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, केसपेपरचे पैसेसुद्धा गेले. उत्तम. पण मोफत मिळायला तिथे माणूस तर हवा. आणि एक बारीक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते: सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता घ्यावीच लागत नाही, कायद्यानेच ते मान्य केंद्र आहे. प्रशिक्षण घेतलेला एक एमबीबीएस आणि तो साठ मिलिलिटरचा पंप एवढ्यावर सुरुवातीच्या आठवड्यांचं काम होतं. माझ्यासारखी तज्ज्ञ दर तालुक्याला मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही. आमच्याच संघटनेतल्या काहींना हे वाक्य आवडणार नाही.

दूरदेशी

आयर्लंडमध्ये, डब्लिनला अकरा वर्षं राहते, माहेर बेळगाव. म्हणून राहवलं नाही.

सविता हलप्पनवार आमच्या बेळगावची. दंतवैद्य होती, वय ३१. ऑक्टोबर २०१२, गॉलवेच्या रुग्णालयात सतराव्या आठवड्यात गर्भ टिकणार नाही हे स्पष्ट झालं होतं. तिने आणि नवऱ्याने गर्भपात मागितला. गर्भाचे ठोके चालू होते, १९८३ पासून तिथल्या घटनेत गर्भाला आईइतकाच जगण्याचा हक्क लिहिलेला, म्हणून थांबले. जंतुसंसर्ग रक्तात गेला, २८ तारखेला ती गेली. २५ मे २०१८ च्या सार्वमतात ६६.४ टक्के लोकांनी ते कलम काढायला मत दिलं. मतदानाच्या आठवड्यात डब्लिनच्या एका भिंतीवर तिचं मोठं चित्र होतं, लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवत होते.

मला सांगायचंय ते याच्या पुढचं. चौकशीत नुसता कायदा दोषी निघाला नाही. भरती झाली त्याच दिवशीच्या रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी वाढलेल्या होत्या आणि तो रिपोर्ट कोणी वेळेवर पाहिलाच नव्हता. म्हणजे कायद्याने हात बांधले, आणि मोकळ्या राहिलेल्या डोळ्यांनीही बघितलं नाही. इथल्या लोकांनी दोन्हींवर काम केलं. संसर्ग वेळेत कसा ओळखायचा याची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आली. गर्भपात आता बारा आठवड्यांपर्यंत बाईच्या मागणीवर मिळतो. त्यातही तीन दिवस थांबायची अट आहे, तिच्यावरून अजून भांडण चालू आहे. तीन दिवसांवरून! मी शालनचे अठरा दिवस वाचले आणि चहा गार झाला.

कट्टर_बाप

बेळगावचं माहीत नव्हतं. सुन्न.

माझा लिंगनिदानाचा राग तसाच आहे, तो जाणारही नाही. पण गोळ्यांबद्दल जे लिहिलं ते मागे घेतो. बहिणीला विचारलं आत्ता फोन करून. ती म्हणाली, "तेव्हा विचारलं नव्हतंस, आज कसं सुचलं?"

रानजाई

थोडं पुढचं सांगते. काळ्या कोटांनी सांगितलेला फॉर्म सी छापून घेतला आणि शाळा सुटल्यावर त्या प्रसूतिगृहात गेले. भांडायला नव्हे, दाखवायला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. काउंटरच्या मुलीने पूर्ण वाचला, दोनदा. म्हणाली, "मॅडम, मला इथे लागल्या दिवशीच सांगितलं होतं, सही घ्यायची. कायद्यात असेल असंच वाटलं." मग मोबाइल काढून तिने कागदाचा फोटो घेतला आणि हळूच विचारलं, "एक प्रत ठेवू का? माझ्या मैत्रिणीला हवा होता." डॉक्टरांचं उत्तर अजून आलेलं नाही. सही अजूनही मागतात, कालच कळलं.

शालनला हे सांगितलं तर तिने विचारलं, तो कागद फुकट मिळतो का.

पाहुणी_७७

नुसतं वाचत होते, आजच खातं उघडलं. डॉक्टरांना एक विचारायचं होतं. ते नऊ आठवडे कधीपासून मोजतात? पाळी चुकली त्या दिवसापासून की शेवटची आली तेव्हापासून?

टाकेवाली

शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून. चुकली त्या दिवशी चार आठवडे झालेले असतात. तारीख इथे लिहू नका, मला निरोप पाठवा. जिल्हाही कळवा, कुठल्या दवाखान्यात कोणत्या वारी डॉक्टर असतात ते बघते. मी जागी आहे.